सुभेदार मॅडमची आगपेटी

आमच्या इस्पितळाच्या कान-नाक-घसा विभागात शिरलं की समोरच बड्या साहेबांचा फोटो दिसतो. हार सुकला की नवा घालतात. फोटोखाली हिंदीत लिहिलंय, साहेब कानाचं ऑपरेशन करत तेव्हा रक्ताचा थेंब दिसत नसे. मला निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण कशासाठी तरी तिकडे जावं लागलं आणि तो मजकूर वाचला की तळपायाची आग मस्तकाला जाते. थेंब दिसत नसे हे अगदी खरं आहे. तो का दिसत नसे हे मात्र तिथं कोणी लिहिलेलं नाही. आणि ज्या बाईमुळे दिसत नसे तिचं नाव त्या अख्ख्या इमारतीत एकाही भिंतीवर नाही.

कानाच्या आतली हाडं तांदळाच्या कणीएवढी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिथं रक्ताचा एक थेंब आला की सर्जनला काही म्हणता काही दिसत नाही. म्हणून भूल देणारा डॉक्टर सलाइनमधून एक औषध सोडतो आणि रोग्याचं ब्लडप्रेशर मुद्दाम खाली उतरवतो. प्रेशर उतरलं की रक्त ओसरतं, जागा कोरडी होते, सर्जनचा हात सरसर चालतो. लोक बाहेर येऊन म्हणायचे, ‘साहब के हाथ में जादू है.’ जादू उशाशी स्टुलावर बसलेली असायची आणि तिचं एक बोट रोग्याच्या कानशिलावरच्या नाडीवर असायचं. तिचं नाव डॉक्टर मालती सुभेदार.

बुटक्या, सावळ्या, सुती साडीचा पदर खोचलेला, मनगटावर पुरुषी घड्याळ. घराणं मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलेलं, पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरातच. भाषावार राज्यं वेगळी झाली तेव्हा भाऊ नागपूरला निघून गेले. बाई इथंच राहिल्या, लग्न केलं नाही, घरी एक म्हातारी आत्या सांभाळली. इस्पितळात सगळे पाठीमागे त्यांना ‘सूबेदारनी’ म्हणत. हसताना मी त्यांना मोजून तीनदा पाहिलं असेल, आणि त्यातल्या दोन वेळा त्या माझ्यावर हसल्या होत्या. एक वाक्य त्या नेहमी म्हणायच्या: ‘भूल रोग्याला द्यायची असते, सर्जनला नाही.’ सर्जन लोकांना ते कधीच आवडलं नाही.

मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. आमचं घराणं मूळ अमरावतीकडचं, वडील जबलपूरजवळच्या खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला, मी तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढलो. माझी नोकरी तेव्हा अजून कच्ची होती, पक्कं करायचा कागद कुठल्याशा टेबलावर पडून होता. अशा दिवसांत एकदा दुपारी मी चहा पीत बसलो असताना दार आपटून बाई आत आल्या.

"वीस मिनिटं झाली सिरिंज पाठवून. कुठं आहे?"

सिरिंज टेबलावर होती. काचेची, टोकाला रबराचं बूच लावलेली. धमनीतून काढलेलं रक्त होतं, त्यातला प्राणवायू मोजायचा होता. मी म्हटलं, आता लावूनच राहिलो होतो मॅडम.

"काय लावून राहिले होते? कप तर भरलेला आहे." त्यांनी सिरिंज उचलली, उजेडात धरली आणि सरळ कचऱ्याच्या बादलीत टाकली. "रक्त जिवंत असतं, समजलं? तुम्ही चहा पीत बसले, ते तिथं पडल्या पडल्या आपल्यातलाच प्राणवायू खाऊन राहिलं. आता यंत्र म्हणेल रोगी मेला. रोगी तर वर वॉर्डात केळं खाऊन राहिला."

दुसऱ्या दिवसापासून सिरिंज एका निळ्या थर्मासमधून यायला लागली. फाटकावरच्या कुल्फीवाल्याकडून बाई स्वतः बर्फ आणायच्या, स्वतः फोडायच्या, स्वतः भरायच्या. नियम त्यांनी मला माझ्याच हातानं वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावला: बर्फ नसेल तर दहा मिनिटांनी नमुना खराब. ती वही अजून माझ्याकडे आहे.

हे सगळं त्या कशासाठी करतात हे इस्पितळात कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं, तेसुद्धा भीतभीत. त्या स्टूल ओढून बसल्या. प्रयोगशाळेत येऊन बसायचं एक कारण मराठी हेही असावं, कारण वर दिवसभर हिंदीच चालायची.

"अच्छा, ग्वारीघाटला नर्मदेवर जाता ना तुम्ही? नावाडी काय करतो? ज्या घाटावर माणसं उभी असतात तिथंच नाव नेतो. रिकाम्या घाटावर कशाला जाईल? फुप्फुसाचंही तसंच असतं. ज्या कोपऱ्यात हवा पोचत नाही तिथल्या नळ्या ते स्वतःच आवळून घेतं. रक्त तिकडे जातच नाही, हवा असते तिथं जातं. कोणी शिकवलेलं नाही, अंगचीच अक्कल आहे ती. आता आपण प्रेशर उतरवायचं औषध देतो. ते औषध सगळ्याच नळ्या सैल करतं. मग नावा निघाल्या रिकाम्या घाटांकडे. तिथून रिकाम्याच परत येतात, आणि ते काळं रक्त चांगल्या रक्तात मिसळतं."

"आणि भरलेल्या घाटांवर?"

"तिथं प्रेशर कमी म्हणून नावा पुऱ्या पोचतच नाहीत. माणसं उभीच." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "कोणाचा प्राणवायू उतरतो, कोणाचा नाही उतरत. आधीपासून सांगता येत नाही, वानखेडे. म्हणून पाहावं लागतं. साहेबांना वाटतं मी उगाच सुया टोचून राहिली."

बोटाला चिमटा लावला की आकडा दाखवणारं यंत्र तेव्हा आमच्याकडे आलेलं नव्हतं. बाईंकडे होती एक काळी रबरी पिशवी, जी दाबून त्या रोग्याला श्वास द्यायच्या, कानशिलावरचं एक बोट, निळा थर्मास, आणि आगपेटी.

आगपेटीचं असं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाई वॉर्डात यायच्या, पर्समधून आगपेटी काढायच्या, काडी पेटवून रोग्याच्या तोंडापासून वीतभर लांब धरायच्या आणि म्हणायच्या, ‘मुँह पूरा खुला. होंठ नहीं मिलाने. अब फूँको.’ ओठ जुळवून तर कोणीही काडी विझवेल. तोंड उघडं ठेवून विझवायची तर छातीत दम लागतो. ज्याची काडी विझली नाही त्याच्या केसपेपरवर त्या लाल पेनानं लिहायच्या, प्रेशर उतरवू नये. मग बडे साहेब ते ऑपरेशनच पुढे ढकलायचे, कारण रक्त पुसत पुसत काम करणं त्यांच्या कीर्तीला शोभत नसे.

रिछाईच्या एका कारखानदाराची काडी विझली नाही तेव्हा साहेब स्वतः वॉर्डात आले. रोगी त्यांच्या बैठकीतला. म्हणाले, "मॅडम, ये माचिस का खेल बंद कीजिए. मेरे मेहमान हैं." बाईंनी दुसरी काडी पेटवून साहेबांसमोर धरली. "आप भी फूँक के देख लीजिए, सर." अख्खा वॉर्ड पाहत होता. साहेब फुंकायला थांबले नाहीत, पण ते विसरलेही नाहीत. त्यांच्या छातीचं काय होतं देव जाणे, डूख धरायला मात्र दम लागत नाही.

आता मधुकर बावणे. हा खमरियाचाच, आमच्या मागच्या लायनीत राहायचा, माझ्या वडिलांच्या हाताखाली काम शिकलेला. चाळिशीचा, विड्यांचा नाद, आणि मिशा अशा की वरचा ओठ कसा आहे हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसेल. त्याचा डावा कान वर्षानुवर्षं वाहायचा. ऐकू कमी येतं म्हणून खात्यातून काढायला निघाले होते, कान कोरडा झाल्याचा दाखला आणला तरच ठेवणार होते. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी तो माझ्याकडे प्रयोगशाळेत आला.

"भाऊ, वॉर्डात म्हणून राहिले का काडी नाही विझली तर ऑपरेशन कॅन्सल. माह्यानं तर घरी विझली नाही. चारदा पाहिलं."

"मग मॅडमला सांग ना तसं."

"काहून सांगू? सांगितलं तर घरी पाठवतील. मले कान पाहिजे, भाऊ. नाही तर मले गोदामात बसवतील पोते मोजाले."

आणि मी त्याला सांगितलं. मीच सांगितलं. म्हटलं, तुझ्या मिशा आहेत, आत ओठ थोडे जवळ घे, बाईला दिसणार नाही. तो खूश झाला, मला विडी देऊ लागला. मलाही आपण आपल्या माणसाचं काम केलं असं वाटलं. आपल्या लोकांत ही खोड फार खोल आहे, ओळखीच्या माणसाला नियमातून सोडवलं की आपण त्याचं भलं केलं असं वाटतं. रिकाम्या घाटाची गोष्ट मला पाठ होती, तरी मी ते केलं.

काडी विझली. बाईंनी तसं केसपेपरवर लिहिलं.

ऑपरेशनच्या दिवशी काय झालं ते मला नंतर सिस्टरनं सांगितलं, पण त्यातला माझा भाग मी स्वतः पाहिला आहे. प्रेशर उतरवलं, जागा कोरडी झाली, पडद्याच्या जागी नवं कातडं बसवायचं काम सुरू झालं. साहेब म्हणाले, "और नीचे." बाईंनी थोडं उतरवलं. "और नीचे, मॅडम." बाई म्हणाल्या, बस, आता नाही. पिशवी हाताला जड लागून राहिली आहे आणि जे काही रक्त दिसतं ते काळं दिसतं. साहेब सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाले, "मुझे तो खून दिख ही नहीं रहा, आपको काला दिख गया?" दोघे-तिघे हसले.

बाईंनी मनगटाच्या धमनीतून रक्त काढलं आणि थर्मास आयाच्या हाती खाली पाठवला. मी झाकण उघडलं. बर्फ होता. सिरिंज बर्फात पुरती रुतलेली होती, काढताना माझी बोटं गारठली. लगेच यंत्राला लावली. औषध सुरू करायच्या आधी पाठवलेल्या नमुन्याच्या निम्म्यावर प्राणवायू आला होता. मी चिठ्ठी घेऊन जिन्यानं धावत वर गेलो आणि ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या दारातून सिस्टरच्या हाती दिली.

बाईंनी चिठ्ठी वाचली, औषधाची बाटली बंद केली, शुद्ध ऑक्सिजन सोडला. साहेब ओरडले, दहा मिनिटं द्या, कातडं अर्धं बसलंय. बाईंनी बाटली स्टँडवरून काढून पायाजवळच्या बादलीत ठेवली आणि म्हणाल्या, "दस मिनट इसके पास नहीं हैं." प्रेशर वर आलं, रक्त आलं, साहेबांना काही दिसेना, ऑपरेशन अर्ध्यात सोडावं लागलं. बावणे संध्याकाळी डोळे उघडून बसला आणि त्यानं पाणी मागितलं. त्याचा कान मात्र गेला, बसवलेलं कातडं आठवड्यात निघून आलं.

साहेबांची पहिली हरलेली केस. ती त्यांच्या नावावर कशी राहणार?

चौकशी बसली. अधीक्षकांच्या खोलीत तिघे जण, आणि बाजूच्या खुर्चीत साहेब, जे खरं तर तक्रारदार होते आणि तरीही चहा त्यांच्याच सांगण्यावरून येत होता. बाई समोर उभ्या, मी दाराशी. बसा म्हणायची कोणाला बुद्धी झाली नाही. त्यांना विचारलं, तुमच्याच हस्ताक्षरात लिहिलंय की काडी विझली, म्हणजे फुप्फुसं चांगली होती, मग प्राणवायू कसा उतरला? बाई म्हणाल्या, "ते मला माहीत नाही. काडीनं सगळं कळत नाही, म्हणूनच तर रक्त पाठवते." हे त्या हिंदीत म्हणाल्या, पण मला ते मराठीतच आठवतं.

मग मला पुढे बोलावलं.

"वानखेडे, सैंपल कितनी देर पड़ा रहा?"

"पड़ा नहीं रहा, साहब."

"बर्फ थी?"

साहेब माझ्याकडे फार प्रेमानं पाहत होते. म्हणाले, "याद करके बोलो, बेटा. उस दिन भीड़ बहुत थी. तुम्हारे पक्के होने का काग़ज़ भी मैंने देखा है. कोई जल्दी नहीं है."

मला सगळं लख्ख आठवत होतं. माझी बोटं अजून गार होती म्हणा ना. पण मनात हिशेब चालला होता: बर्फ होता म्हटलं की आकडा खरा ठरतो, आकडा खरा ठरला की काडी खोटी ठरते, काडी खोटी ठरली की बावणेला बोलावतील, आणि बावणे माझं नाव घेईल. बाई माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हत्या. त्यांना माझ्या उत्तराची काळजीच नव्हती, कारण उत्तर एकच होतं.

मी म्हटलं, "ठीक से याद नहीं, साहब."

एवढंच. खोटं बोलायचीही हिंमत झाली नाही, अर्धवट बोललो. तेवढं त्यांना पुरलं. अहवालात लिहिलं की नमुना भरवशाचा नव्हता आणि डॉक्टर सुभेदार विनाकारण घाबरल्या. घाबरल्या! त्या खोलीत घाबरलेला माणूस मी होतो, आणि माझ्याही आधी जो आपल्या कीर्तीसाठी घाबरला होता तो पाय पसरून चहा पीत होता. बाईंना कानाच्या ओटीतून काढून प्रसूतीकडे टाकलं. कान-नाक-घशाकडे नवा, गोड बोलणारा माणूस आला. तो म्हणाल तेवढं प्रेशर उतरवायचा. पुढे त्या ओटीत काय काय झालं ते मी ऐकलं, पण सांगणार नाही. मी सांगायला लायक माणूस उरलेलो नाही.

माझा कागद महिन्याभरात पक्का होऊन आला.

बावणेला गोदामात बसवलं. एक दिवस तो मला बसस्टॉपवर भेटला, मी ओळखलंच नाही. मिशा साफ काढलेल्या. वरचा ओठ पांढराफटक, लहान पोरासारखा.

"मॅडमकडे जाऊन आलो," तो म्हणाला. "म्हटलं, मॅडम, मी ओठ मिटून फुंकलो होतो. मिशीत लपवले. आता पाहा, मिशीच काढून टाकली, पुन्हा काडी धरा."

"मग?"

"धरली त्यायनं. नाही विझली. म्हणाल्या, ठीक आहे, विडी सोडा. आणि मग विचारलं का कोणी शिकवलं."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, वॉर्डात सारेच सांगतात. तुमचं नाव नाही घेतलं, भाऊ." त्यानं चांगला कान माझ्याकडे केला. "तुम्ही पण जाऊन या ना एकदा."

मी गेलो नाही. बाई कधी जिन्यात भेटायच्या. ‘काय वानखेडे’ म्हणायच्या आणि पुढे जायच्या. थर्मास त्यांच्या हातात असायचाच. प्रसूतीकडून त्या क्वचित धमनीचं रक्त पाठवायच्या, त्यात बर्फ असायचा आणि वर चिकटपट्टीवर वेळ लिहिलेली असायची, आणि खाली सिस्टरची साक्षीची सही. आधी ही सही नसायची. त्या सहीकडे पाहताना मला दर वेळी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची.

त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला तो कोणाच्या लक्षातही नव्हता. मला ठाऊक होता, कारण मी तो मोजत होतो. पाच वाजत आले तेव्हा मी कोट काढून ठेवला आणि वर गेलो. त्या रात्रपाळीच्या डॉक्टरसाठी एक हर्नियाचा रोगी तपासून ठेवत होत्या. कॉरिडॉरच्या बाकावर गावाकडचा माणूस बसला होता, झुपकेदार मिशांचा. बाई त्याच्यासमोर वाकल्या होत्या. एका हातात पेटती काडी, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी त्याच्या मिशा वर उचलून धरल्या होत्या.

"मुँह खुला. हाँ. फूँको, भैया."

त्यानं फुंकलं. ज्योत हलली, विझली नाही. काडी बोटांपर्यंत जळत आली तेव्हा बाईंनी ती खाली टाकली, चपलेनं चुरडली आणि लाल पेनानं केसपेपरवर लिहिलं. मग मी दिसलो.

मी सहा वर्षं तोंडात धरलेलं वाक्य बोललो. "मॅडम, त्या दिवशी थर्मासमध्ये बर्फ होता."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. आगपेटी पर्समध्ये टाकली. "मला काय सांगून राहिले? मीच तर भरला होता."

"आणि बावणेला काडीचं..."

"नमुना दहा मिनिटांत खराब होतो, वानखेडे," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच तो मला अजून ऐकू येतो. "तुम्ही सहा वर्षं ठेवला."

त्यांनी थर्मास उचलला, त्यातलं पाणी कॉरिडॉरमधल्या कुंडीत ओतलं आणि कठड्याला न धरता जिना उतरून गेल्या.